तुरुंगाचे मानकरी आणि तुरुंगाचा ताळेबंद

प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्यदिन जवळ आला की केंद्रीय गृहमंत्रालयाकडून पदकांच्या याद्या प्रसिद्ध होतात. पोलीस, अग्निशमन आणि गृहरक्षक दलांच्या मागोमाग त्यांत एक लहानशी यादी तुरुंग खात्याचीही असते. या खात्याला आता ‘सुधारात्मक सेवा’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. नावे येतात, हुद्दे येतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. मग जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा सत्कार होतो. शाल, श्रीफळ आणि पालकमंत्र्यांचे भाषण. ज्या सेवेबद्दल हा गौरव झाला तिचा तपशील मात्र कोठे छापून येत नाही. बंदिशाळेच्या आत नेमके काय सुधारले, किती सुधारले आणि ते कोणी मोजले, हे विचारणे सत्काराच्या मांडवात असभ्यपणाचे समजले जाते. तो असभ्यपणा करण्यासाठीच हा लेख आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. तुरुंगातले रक्षक आणि अधिकारी हे या लेखाचे शत्रू नव्हेत. देशभरातील तुरुंग खात्यांची मंजूर पदे सुमारे तीस टक्के रिकामी राहतात, आणि त्या रिकाम्या पदांचे काम उरलेल्या माणसांच्या अंगावर पडते. दोनशे माणसांच्या बरॅकीत चारशे माणसे कोंबलेली असताना रात्रपाळीला एकटा उभा राहणारा रक्षक हाही एक प्रकारे त्या भिंतींचा बंदीच असतो. त्याच्या छातीवर पदक लागले तर कोणाचे पोट दुखण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो पदकाच्या आडून होणाऱ्या दुसऱ्या व्यवहाराला. व्यक्तीचा गौरव करून व्यवस्थेला निर्दोष सोडण्याची ही युक्ती जुनी आहे आणि ती आपल्या राज्यकर्त्यांना चांगली साधली आहे.

या प्रकारच्या गौरवाचे सर्वांत गाजलेले उदाहरण दिल्लीचे आहे. किरण बेदी यांच्याकडे १९९३ मध्ये दिल्लीच्या तुरुंगांचे महानिरीक्षकपद आले. तिहार तेव्हा क्षमतेच्या दुपटीहून अधिक भरलेला होता आणि त्याची कीर्ती खंडणी, मादक पदार्थ व मारहाण यांसाठी होती. बेदींनी आत फिरती तक्रारपेटी सुरू केली, साक्षरतेचे वर्ग काढले, बाहेरच्या स्वयंसेवी संस्थांना दरवाजे उघडले. १९९४ च्या एप्रिलमध्ये सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली हजाराहून अधिक बंद्यांचे विपश्यना शिबिर तिहारच्या भिंतींआड झाले. त्याच वर्षी शासकीय सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्कार अनाठायी होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. वरिष्ठांची खप्पामर्जी ओढवून घेऊन ज्या अधिकाऱ्याने बंद्याशी माणसासारखे बोलायला सुरुवात केली, त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. बेदींची पुढची राजकीय वाटचाल आम्हाला पटणारी नाही, म्हणून त्यांची तिहारमधली दोन वर्षे पुसून टाकणे हा अप्रामाणिकपणा होईल.

परंतु पुढे काय झाले? १९९५ मध्ये, दोन वर्षे पुरी होतात न होतात तोच, त्यांची तेथून बदली झाली. पुरस्कार व्यक्तीला मिळाला होता, व्यक्ती गेली. तिहारचे नामकरण ‘आश्रम’ असे झाले आणि ते नाव टिकलेही, पण २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने जे आकडे दिले त्यांत दिल्लीच्या तुरुंगांतील गर्दी क्षमतेच्या १८० टक्क्यांच्या पुढे होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला एका बांधकाम कंपनीच्या दोन चालकांना तिहारमधून उचलून मुंबईच्या आर्थर रोड व तळोजा येथे पाठवावे लागले, कारण तिहारच्या अधिकाऱ्यांशी संगनमत करून ते आतूनच आपला कारभार चालवीत असल्याचे न्यायालयापुढे आले होते. २०२३ च्या मे महिन्यात तेथेच एका बंद्याला प्रतिस्पर्धी टोळीने भोसकून मारले आणि जखमी अवस्थेत नेतानाही सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर पुन्हा वार झाले. हे सारे छायाचित्रणात नोंदले गेले. तीस वर्षांपूर्वी ज्या तुरुंगाच्या सुधारणेचा आशिया खंडाने गौरव केला, त्याच तुरुंगाची ही कथा आहे. यात बेदींचा दोष काय? काहीच नाही. दोष आहे तो एका अधिकाऱ्याच्या पुण्याईवर सुधारणेचा डोलारा उभा करून, तो अधिकारी हलविणाऱ्या आणि वर त्या पुरस्काराचे श्रेय घेणाऱ्या शासनाचा.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवितात की साठा आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारागृह महानिरीक्षक साठ्याचा रखवालदार असतो. त्याच्या कोठारात माल किती येणार हे पोलीस ठरवितात, किती दिवस राहणार हे न्यायालये ठरवितात. दोन्ही तोट्या त्याच्या हाती नाहीत. २०२२ च्या अखेरीस या देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ माणसांची. या पावणेसहा लाखांपैकी ४,३४,३०२ म्हणजे शंभरातले पंचाहत्तरांहून अधिक बंदी न्यायाधीन होते. ज्यांचा गुन्हा कोणत्याही न्यायालयात शाबीत झालेला नाही अशी माणसे. महाराष्ट्रात त्या वेळी गर्दीचे प्रमाण क्षमतेच्या दीडशे टक्क्यांहून अधिक होते. ज्याला आपण ‘सुधारगृह’ म्हणतो, तेथील चारांतल्या तिघांना सुधारण्याचा अधिकार कायद्याने अद्याप कोणालाही दिलेलाच नाही! मग ‘सुधारात्मक सेवे’चे पदक कोणाला सुधारल्याबद्दल दिले जाते?

आणि हे तीनचतुर्थांश कोण आहेत? अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ते जवळजवळ दोनतृतीयांश भरतात. मुसलमानांचे प्रमाणही लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त आहे. शिक्षण पाहिले तर बहुसंख्य निरक्षर किंवा दहावीच्या आतले. ज्याच्याकडे सातबारा नाही, पगाराची पावती नाही, शहरात ओळखीचा घरमालक नाही, त्याला जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही. न्यायाधीशांनी जामीन दिला आणि दारिद्र्याने तो नाकारला, असा हा प्रकार आहे. त्यातून तारखेच्या दिवशी पोलिसांची गार्द मिळाली नाही म्हणून न्यायालयात नेलेच नाही, हे कारण तर इतके नित्याचे झाले आहे की त्याची कोणाला लाजही वाटेनाशी झाली.

येथे एका अधिकाऱ्याचे स्मरण करणे उचित होईल. खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी हे आपल्या विदर्भातल्या कामठीचे. सीमा सुरक्षा दल उभारणारे पोलीस अधिकारी आणि पुढे राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य. या आयोगाच्या कामासाठी त्यांनी बिहारचे तुरुंग पाहिले आणि तेथे जे दिसले ते १९७९ च्या जानेवारीत ‘इंडियन एक्सप्रेस’मधून सरळ लिहून टाकले. गुन्ह्याला जितकी कमाल शिक्षा, तिच्याहून अधिक काळ खटल्याविना कोंडलेली माणसे. या लेखांच्या आधारे वकील कपिला हिंगोराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ‘हुस्नआरा खातून विरुद्ध बिहार राज्य’ हा खटला उभा राहिला. जलद न्याय हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि गरिबाला जातमुचलक्यावर सोडता आले पाहिजे, हे न्यायमूर्ती भगवतींच्या न्यायासनाने त्यात सांगितले. हजारो माणसे त्यामुळे सुटली. रुस्तमजींना १९९१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ते एकट्या या कामासाठी नव्हे, हे खरे. पण आपल्याच यंत्रणेचे वाभाडे जाहीरपणे काढणारा अधिकारीही सन्मानास पात्र ठरू शकतो, एवढे त्यावरून कळते. आजच्या पदकयाद्यांसाठी नावे सुचविणाऱ्यांना ही पात्रता डोळ्यांपुढे ठेवता येईल काय?

हुस्नआराचा निकाल १९७९ चा. त्यानंतर जातमुचलक्यावर सुटकेची तरतूद कायद्यात आली, २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती पहिल्याच गुन्ह्याच्या बंद्यासाठी एकतृतीयांश मुदतीवर आणली गेली, आणि गरीब बंद्याच्या जामिनाची चाळीस हजार रुपयांपर्यंतची रक्कम सरकारने भरण्याची योजनाही २०२३ मध्ये केंद्राने काढली. योजना चांगली. पण तिचे अर्थकारण पाहा. सरकार एका खिशातून बंद्याला कोंडण्याचा खर्च करते आणि दुसऱ्या खिशातून त्याला सोडविण्याचा. जे काम न्यायालयाच्या एका ओळीच्या आदेशाने, दमडीही न खर्चता व्हावे, त्यासाठी समित्या बसतात. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने उच्चाधिकार समित्या नेमावयास सांगितले आणि महाराष्ट्रातून हजारो बंदी तात्पुरते सोडले गेले. म्हणजे सोडणे शक्य होते. आभाळ कोसळले नाही. पुढे मात्र गर्दी पुन्हा होती तेथे गेली.

आता मजुरीकडे वळू. हा विषय माझ्या शास्त्राचा, म्हणून त्यावर थोडे रेंगाळण्याची मुभा वाचक देतील.

सक्तमजुरीची शिक्षा भोगणारा बंदी सतरंज्या विणतो, लाकूडकाम करतो, गणवेश शिवतो, शेती करतो. त्याच्या मालाची प्रदर्शने दिवाळीच्या सुमारास भरतात. उद्घाटनाला मंत्री, आणि शेजारी सन्मानित अधिकारी उभे असतात. १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या श्रमाला न्याय्य मोबदला दिलाच पाहिजे. राज्यांनी वेतन ठरविण्यासाठी मंडळ नेमावे, बंद्याच्या पोषणाचा खर्च त्यातून वळता करावा आणि काही वाटा गुन्ह्याने पोळलेल्या कुटुंबासाठी बाजूला काढण्याचा कायदा करावा. उत्तम निकाल. आता महाराष्ट्राचा दर पाहा. २०२३ च्या वाढीनंतर आपल्या बंदिस्त कारागृहांत कुशल बंद्याची रोजी पाऊणशे रुपयांच्या आसपास गेली. अकुशलाची पन्नाशीच्या जरा पुढे. त्याच आर्थिक वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्याची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. ज्या राज्याने वि. स. पागे यांच्या पुढाकाराने देशाला रोजगार हमीचा धडा दिला, त्या राज्यात भिंतीआडच्या कुशल कारागिराच्या श्रमाची किंमत भिंतीबाहेरच्या अकुशल मजुराच्या जवळजवळ चौथाई आहे. पोषणखर्च वजा केल्यावर एवढेच उरते, असा बचाव केला जातो. मग तो खर्च कसा काढला, कोणत्या मंडळाने काढला, त्यात पहारेकऱ्यांचे पगार आणि भिंतींची डागडुजी धरली आहे काय, हे छापा. कारखान्याच्या मालकाला आपण हिशेबवह्या दाखवावयास लावतो. शासन मालक झाले की वह्या गोपनीय होतात, हे कसले समाजवादी तत्त्व?

मजुरीचा प्रश्न दयेचा नव्हे. ज्या बाईचा नवरा आत आहे ती बाहेर उधारीवर जगते. त्याची मनीऑर्डर आली तर मुलाची शाळा टिकते, नाही आली तर तोच मुलगा चहाच्या टपरीवर जातो. सुटल्यानंतर हातात चार पैसे घेऊन बाहेर पडणारा माणूस आणि रिकाम्या हाताने पडणारा माणूस यांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘सुधारणा व पुनर्वसन’ असे ब्रीद आमच्या खात्याने दारावर लावले आहे. पुनर्वसनाला भांडवल लागते आणि ते बंद्याच्या घामातूनच उभे राहू शकते, प्रवचनांतून नाही.

आणि याच खात्याने २६ जानेवारी २०२१ रोजी येरवड्यापासून ‘कारागृह पर्यटन’ सुरू केले! गांधीजींनी आमरण उपोषण केले आणि पुणे करार झाला तो येरवडा पाहावयास लोकांनी जावे, यात वावगे काही नाही. शाळकरी मुलांना पाच रुपये, इतरांना पन्नास. त्या वर्षी अकुशल बंद्याची दिवसाची मिळकत साधारण या तिकिटाएवढीच होती. १९३२ चा इतिहास पाहावयास येणाऱ्यांपैकी किती जणांना आतल्या आजच्या बरॅकी दाखविल्या जातात, हे विचारण्यात अर्थ नाही.

गौरवाच्या याद्यांत मृत्यूंसाठी रकाना नसतो. २०१७ च्या जून महिन्यात भायखळ्याच्या महिला कारागृहात एका शिक्षाबंदिनीचा मारहाणीत मृत्यू झाल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि अधिकारी व रक्षक मिळून सहा जणींवर खुनाचा खटला भरला गेला. वादाचा प्रारंभ म्हणे काही अंडी आणि पाव हिशेबात कमी पडल्यावरून झाला होता. तळोजाच्या तुरुंगात २०२० च्या ऑक्टोबरपासून फादर स्टॅन स्वामी होते. वय त्र्याऐंशी, कंपवाताने हात थरथरणारे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला आणि तपास यंत्रणेने उत्तर देण्यास वीस दिवस मागितले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढे असतानाच, ते रुग्णालयात वारले. खटला कधी उभाच राहिला नाही. एक पेला देण्याचा निर्णय ज्या व्यवस्थेत माणूस म्हणून कोणी घेऊ धजत नाही, तिच्यातील ‘उल्लेखनीय सेवा’ या शब्दांचा अर्थ काय लावावा?

जातीचा प्रश्न उरतोच. अनेक राज्यांच्या कारागृह नियमांत झाडलोट कोणी करावी आणि स्वयंपाक कोणी रांधावा हे बंद्याच्या जातीवरून ठरविणाऱ्या तरतुदी स्वातंत्र्यानंतर पाऊणशतक जिवंत होत्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरविल्या, तेही एका पत्रकार महिलेने शोध घेऊन याचिका केली म्हणून. या पाऊणशतकात किती महानिरीक्षक सन्मानित होऊन निवृत्त झाले असतील! आपल्या टेबलावरची नियमावली त्यांतल्या किती जणांनी उघडून वाचली?

आमच्याच गोटातून एक हरकत येईल, तिचाही समाचार घेतला पाहिजे. भांडवली समाजात तुरुंग असाच असणार, तेव्हा या डागडुजीत शक्ती कशाला दवडावी, असे काही तरुण मित्र म्हणतात. त्यांना आठवण द्यावीशी वाटते की या देशातील समाजवादी चळवळीचा आराखडाच मुळी नाशिकच्या तुरुंगात तयार झाला. जयप्रकाश, अच्युतराव, मिनू मसानी, अशोक मेहता १९३२-३३ मध्ये तेथे एकत्र आले नसते तर १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष त्या रूपात जन्मला नसता. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली तीही नाशिकच्याच तुरुंगात. पुढे आणीबाणीत मृणालताई, मधू लिमये, मधू दंडवते आत गेले. बंगळूरच्या तुरुंगात दम्याने खंगलेल्या स्नेहलता रेड्डी सुटकेनंतर काही दिवसांतच, १९७७ च्या जानेवारीत गेल्या. तुरुंग आम्हाला परका नाही. मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे: आमच्या चळवळीच्या तुरुंगस्मृती बव्हंशी राजकीय बंद्यांच्या आहेत. शेजारच्या बरॅकीतला पाकीटमार, दारूबंदीतला कैदी, पारध्याचा पोरगा त्यांत फारसा दिसत नाही. बाहेर पडून सत्तेच्या जवळ गेल्यावर तो आपल्याला दिसेनासाच झाला. ज्यांना दरवाजाच्या दोन्ही बाजू माहीत होत्या त्यांनीच या खात्याचे मंत्रिपद बिनमहत्त्वाचे मानावे, हे दुर्दैव आहे.

आणि पर्याय नव्हता असेही नाही. सांगलीजवळच्या आटपाडीला १९३९ मध्ये, तेव्हाच्या औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून ‘स्वतंत्रपूर’ ही भिंतीविना वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेली माणसे तेथे शेती करीत, कुटुंबासह राहत. पुढे त्यावरून गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ मध्ये निघाला. सिनेमाला जगभर पारितोषिके मिळाली. प्रयोगाला मात्र आपण विस्तार दिला नाही. पैठण, येरवडा अशी मोजकी खुली कारागृहे झाली आणि बंद्यांच्या एकूण संख्येत त्यांचा वाटा नगण्य राहिला. विश्वासावर चालणारा तुरुंग स्वस्त पडतो, भिंतींचा पडत नाही. तरीही प्रत्येक अर्थसंकल्पात मागणी उंच भिंतींचीच होते.

पदके द्यावयाचीच तर द्या. पण पदकासोबत त्या अधिकाऱ्याच्या कार्यकाळाचा ताळेबंदही राजपत्रात छापा. तो रुजू झाला तेव्हा कारागृहांत क्षमतेच्या किती पट माणसे होती आणि पद सोडताना किती. त्या काळात कोठडीत किती मेले आणि किती मृत्यूंची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी पुरी झाली. जामीन मंजूर होऊनही महिनाभर आतच राहिलेल्यांची यादी त्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किती वेळा पाठविली. मजुरीचा दर वाढावा म्हणून शासनाशी एक तरी पत्रव्यवहार केला काय. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्ये तुरुंगांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी असे सुचविले होते. ती शिफारस धूळ खात पडल्यामुळे आजही पोलीस दलातील अधिकारी वर्ष-दोन वर्षे येथे येतात आणि पुढच्या नेमणुकीकडे डोळे लावून बसतात. पकडणाराच कोंडण्याचा प्रमुख असावा, ही व्यवस्था १८९४ च्या कायद्याच्या काळात शोभली असेल.

येत्या अधिवेशनात विरोधी बाकांवरील आमदारांनी एक तारांकित प्रश्न टाकावा: महाराष्ट्रातील किती कारागृहांत अशासकीय अभ्यागतांच्या नेमणुका झालेल्या आहेत, त्यांनी गेल्या वर्षी किती वेळा भेट दिली आणि त्यांच्या शेऱ्यांवर काय कारवाई झाली? हे अभ्यागत नियमाने आत जाऊ शकतात, भांड्यातली आमटी चाखू शकतात, बंद्याशी एकांतात बोलू शकतात. जेथे जागा रिकाम्या असतील तेथे आपल्या जिल्हा शाखांनी निवृत्त शिक्षक, परिचारिका, वकील यांची नावे लेखी सुचवावीत, आणि पोच घ्यावी.